राइट आउटचा पाय

मोजा ओला लागला तेव्हा मला वाटलं, टँकरचं पाणी गेलं असेल बुटात. सकाळपासून लातूरच्या गंजगोलाई बाजारामागच्या बोळात टँकरच्या नळीपाशी बंदोबस्ताला उभा होतो. बायांच्या घागरी एकमेकींवर आपटत होत्या, शिव्या चालल्या होत्या, आणि त्या ओढाताणीत पाणी सांडत होतं. सलग दुसरा दुष्काळी उन्हाळा; सांडलेलं पाणी बघून माझाही जीव तुटत होता. दुपारी पोलीस लाइनीतल्या खोलीत आलो, खाटेवर बसलो, उजवा बूट ओढून काढला आणि मोजा पायाला चिकटून बसलेला दिसला, तेव्हा मी चडफडलो ते एवढ्याचसाठी, की च्यायला, पेलाभर पाणी फुकट माझ्या बुटात गेलं. पंचफुला भाकऱ्या थापत होती. माझी बायको कामात असली की मान वर करून बघायची नाही, पण तिचा हात थांबला. "आवो, हे काय?" म्हणाली. "पानी," मी म्हटलं. "लाल पानी असतंय का कुठं?" आणि पिठाच्या हातानंच तिनं माझा पाय धरला. मोजा सोलून काढला तर तळव्याच्या मधोमध भोक आणि फरशीवर ठिपके. मी बूट उचलला, आत हात घातला. तळ फाडून एक खिळा आत आला होता, चांगला बोटाच्या पेराएवढा. हाताला तो लागलीच टोचला, मी हात झटकला. म्हणजे बोटानं पहिल्या भेटीतच बोंब मारली, आणि हा पाय सकाळपासून त्या खिळ्यावर उभा राहिला, गोलाईला फेरे घालून आला, घरापर्यंत चालत आला, आणि चकार शब्द बोलला नाही. मी घाबरलो. खिळा लागला म्हणून नव्हे. खिळे काय आजवर कमी लागलेत? लागला आणि मला कळलं नाही, म्हणून.

कारण हा पाय असातसा नव्हता. हे माझं मी सांगू नये, पण दुसरं सांगणारं आता उरलंय कोण? हा राइट आउटचा, मैदानाच्या उजव्या कडेनं चेंडू घेऊन पळणाऱ्याचा पाय होता. हैदराबादच्या पोलीस टीमचा राइट आउट, आणि मधली दोन-तीन वर्षं देशाच्या टीमचासुद्धा. रंगूनला खेळला, कोलंबोला खेळला. लातूरचा जिल्हा होऊन चार वर्षं होत आली तरी लोक अजून नवा जिल्हाच म्हणतात. नवी कचेरी, नवं परेड ग्राउंड, नवे शिपाई. त्यांच्यापुढे फुटबॉलचं नाव काढलं की ते एकमेकांकडे बघून डोळे मिचकावतात. माझ्याच वयाचा व्यंकट हवालदार तर चहाच्या गाड्यावर चारचौघांत मुद्दाम विचारतो, "नरसिंगराव, रंगूनला काय काय खाल्लं ते सांगा की एकदा." मी सांगत नाही. खाण्याचं काय सांगायचं? सांगण्यासारखं होतं ते सगळं या तळव्यात होतं. आम्ही अनवाणी खेळायचो. घोट्याला पट्टी आवळलेली आणि बोटं मोकळी. चेंडू पायाशी आला की त्याची शिवण कुठं आहे, वादी कुठं बांधलीय, हवा कमी आहे का जास्त, हे न बघता कळायचं. अंगठ्याच्या कडेनं असा कापून घ्यायचो की समोरचा बॅक एकीकडे आणि चेंडू भलतीकडे. मागून कुणी धावत आला तर ते कानाच्या आधी टाचेला समजायचं, जमीनच सांगायची. आमचे उस्ताद, इनायत अली जमादार, विडी विझवत म्हणायचे, "पाँवां से सोच रे नरसिंग, सर से नक्को सोच." डोक्यानं विचार करायची सवय मला तशीही नव्हती, त्यामुळे ते मला लवकर जमलं.

असे पाय आईच्या पोटातून येत नाहीत, करावे लागतात. उन्हाळ्यात दुपारी मुसी नदीच्या कोरड्या वाळूतून उस्ताद आम्हाला पळवायचे. पहिल्या वर्षी फोड यायचे, फुटायचे, तुरटीच्या पाण्यात पाय बुडवून आम्ही घोडे झालेले बाप्ये लेकरांसारखे रडायचो. मग कातडं जाड होत जायचं, आणि गंमत अशी की वरून जाड, आतून तल्लख. तापलेली वाळू पोळायची नाही, पण गवताची काडी आली तरी कळायची. ज्यानं हे केलं त्यालाच ते ठाऊक. आणि तिथंच माझी फसगत झाली. गेल्या उन्हाळ्यापासून माझे पाय भाजेनासे झाले. ड्युटी संपली की बूट काढायचे आणि अनवाणी एक चक्कर मारायची ही माझी जुनी खोड. औसा रोडचं डांबर वितळत होतं, पोरं चपला घालून पळत होती, आणि मी त्या डांबरावरून सतरंजीवरून चालावं तसा चाललो. भाजलं नाही! मी मधेच उभा राहिलो, पुन्हा चार पावलं मागं गेलो, पुन्हा आलो. नाहीच. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. तीस वर्षांनी पाय परत आले असं वाटलं. घरी येऊन पंचफुलाला म्हटलंसुद्धा, "पाय परत आले बघ माझे." ती म्हणाली, "गेले कुठं होते? गेली असंल तर अक्कल गेली." मी हसलो. त्या दिवसात मला तहानही भयंकर लागायची. घरात पाण्याचा हंडा म्हणजे सोन्याचा हंडा, आणि मी तांब्यामागं तांब्या रिचवायचो. पंचफुला करवादायची, "समद्या जिल्ह्याला एक तहान आन् तुमाला एकल्याला एक." मी म्हणायचो, ऊन बघ, दिवसभर टँकरवर उभा असतो. तिला ते पटायचं, मलाही पटायचं. पाणी नसलेल्या मुलखात तहान लागली म्हणून कोण डॉक्टरकडे जातो?

खिळ्यानंतर दोन-तीन दिवस मी हळद भरून पट्टी बांधली आणि गप्प बसलो. दुखत नव्हतं, तर कशाला बोभाटा? मग पाय सुजला, बोटं काळी-निळी पडायला लागली, आणि खोलीत असा वास सुटला की पंचफुलानं माझा शर्ट आणून अंगावर टाकला. लातूरच्या दवाखान्यातला डॉक्टर कोवळा होता, पण बोलायला चांगला. लघवी तपासली, पाय बघितला, विचारलं, "हवालदारसाहेब, पायाला चटके बसायचे कधीपासून बंद झाले?" मी सरसावून बसलो. म्हटलं, गेल्या उन्हाळ्यापासून. म्हटलं, पाय मुरलेले आहेत माझे, मी देशाकडून अनवाणी खेळलोय. तो ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा चेहरा असा उतरत गेला, की मीच मधे थांबलो. तो म्हणाला, "ते मुरणं नव्हतं हो. साखर झालीय तुम्हाला. पायातल्या नसा मेल्यात. तहानही त्याचीच." म्हणजे वर्षभर मी ज्याला आनंदानं घरात घेऊन मिरवलो तो माझा पाय नव्हताच, त्याचं मरण होतं. मला आधी हसू आलं, मग असा संताप आला की समोरचं टेबल उलथून टाकावं. कुणाचा संताप? डॉक्टरचा? त्यानं काय केलं होतं? पंचफुलानं दंडाला धरून बाहेर आणलं. आमची पोरगी पंचशीला नांदेडच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. तिकडं मोठे सर्जन आहेत, उशीर करू नका, असं डॉक्टरनं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीत बसलो.

खिडकीपाशी मी, शेजारी पंचफुला, आणि तिच्या बोचक्यावर माझा पांढऱ्या पट्टीतला पाय ठेवलेला. लोक वासानं तोंड फिरवत होते. अहमदपूर मागं पडलं. दोन्हीकडं नुसती भेगाळलेली रानं, मधेच दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया, डोक्यावर पदर, पायात काही नाही. पंचफुला त्यांच्याकडं बघून चुकचुकली. मी त्यांच्या पायांकडं बघत होतो. कपचा उडत होत्या आणि त्या पाय मागं घेत होत्या. मला त्या पाय मागं घेण्याचा हेवा वाटला. कुणाला सांगितलं तर मारतील मला, पण वाटला. पुढं लोह्याच्या अलीकडं एक वाट डाव्या हाताला फुटते, ती आमच्या गावाची. मी त्या गावात राहिलो असेन लहानपणीची काही वर्षं, पण ते माझ्या बापाच्या तोंडून मला जास्त माहीत आहे. बापाचं नाव केरबा. गावात आमच्या माणसानं पाटलाच्या दारापुढून जाताना पायताण हातात घेऊन जायचं, असा रिवाज होता. पायताण असलं तर. बहुतेकांना नसायचंच, त्यामुळे रिवाज मोडायचा प्रश्न येत नव्हता. माझ्या बापानं लोह्याच्या बाजारातून एकदा करकरीत वहाणा आणल्या, आणि ज्वानीची मस्ती म्हणा की आणखी काय, पायात घालून तो पाटलाच्या दारावरून गेला. त्यांनी मारलं नाही. मारलं असतं तर बरं, असं तो म्हणायचा. त्यांनी त्या वहाणा त्याच्या डोक्यावर ठेवल्या आणि तशाच अवस्थेत त्याला सगळ्या गावातून फिरवलं. त्याच आठवड्यात मला खांद्यावर घेऊन त्यानं हैदराबाद गाठलं. माय तेव्हा गेलेलीच होती. पोलीस तबेल्यात घोड्यांचा सईस म्हणून तो लागला, आणि तबेल्याच्या पलीकडं ग्राउंड होतं. माझा फुटबॉल हा असा सुरू झाला.

त्याला माझा खेळ आवडत नव्हता. आधी मला वाटायचं, पोरगा शिकत नाही म्हणून. मग मी शिपाई झालो, टीममध्ये आलो, रंगूनला निवड झाली. तिथला सामना मला आजही जसाच्या तसा आठवतो; पावसानं ग्राउंडचा चिखल झाला होता, त्यांचे बूटवाले घसरत होते, आणि मी बोटं रुतवून रुतवून पळत होतो. पहिला गोल झाला तो माझ्या सेंटरवर, मी कडेवरून गोलापुढं टाकलेल्या चेंडूवर. लोक ओरडत होते, आणि चिखल बोटांच्या मधून वर येत होता, गार, मऊ. एवढं सुख मला पुढं कशात मिळालं नाही, लग्नात नाही, पोरीच्या जन्मात नाही. पंचफुला शेजारी बसलीय म्हणून खोटं कशाला बोलू? परत आलो तर पेपरात फोटो. मी तो घेऊन तबेल्यात पळत गेलो. बापाला वाचता येत नव्हतं. त्यानं फोटो उजेडात धरला, बराच वेळ बघितला. मला वाटलं, आता पाठीवर हात ठेवील. तो म्हणाला, "लई चांगलं केलंस. साऱ्या मुलखाला दावलंस, केरबाचं पोरगं आजून अनवानीच हाय म्हनून." आणि घोड्याला खरारा करायला लागला. मी तिथंच उभा. मला रडू आलं नाही, राग आला. मी म्हटलं, "बा, तुला खेळातलं काय कळतंय?" तो म्हणाला, "खेळातलं न्हाई कळत. पायातलं कळतंय." एकच पाय, त्याला तो बघायचा तेव्हा त्याला पाटलाचं दार दिसायचं, आणि मला त्या पायात सगळं जग कळायचं. दोघांचंही खरं होतं, हे समजायला मला म्हातारं व्हावं लागलं, आणि तोवर तो कुठला राहतोय?

पुढं टीम एका थंड मुलखात गेली. मी राखीव म्हणून बाकावर. आमच्या पोरांचे पाय निळे पडले होते, चेंडू लागला की दगड लागल्यासारखी कळवळत होती, आणि समोरचे बूट घालून गोलावर गोल करत होते. परतल्यावर हुकूम निघाला, आता खेळायचं तर बूट घालूनच. बरोबरच होतं ते. जगाबरोबर खेळायचं तर जगासारखंच खेळावं लागणार. टीमला बूट वाटले. मी ते घेऊन घरी गेलो आणि कोपऱ्यात फेकणार, तोच बापानं झेलले. मांडीवर घेतले. धोतराच्या सोग्यानं पुसले. तळाचे चामड्याचे गट्टू एकेक बोटानं दाबून बघितले, नाकाला लावून वास घेतला. मग जमिनीवर बसून त्यानं स्वतःच्या हातानं ते माझ्या पायात घातले, नाड्या बांधल्या, आणि वर बघून म्हणाला, "नरसिंगा, आता पायातनं काढू नगं हं." त्याचे डोळे भरले होते. माझ्या पायाला मात्र आत कोंडून घातल्यासारखं झालं होतं. चेंडू लागला हे कळायचं, पण कुठं लागला ते कळायचं नाही. भिंतीपलीकडून कुणी बोलतंय असं वाटायचं. उस्ताद म्हणाले, आदत हो जाती. काहींना झाली. पुढं त्यांनी नाव काढलं. मला झाली नाही. मी अंगठ्यानं खेळणारा माणूस, अंगठाच नाही म्हटल्यावर काय खेळणार?

बूट घालून खेळलेल्या पहिल्या मोठ्या सामन्याला बाप आला होता. आयुष्यात पहिल्यांदा ग्राउंडवर, दोरीला लागून, धुतलेला पटका बांधून. मी त्या दिवशी इतका वाईट खेळलो की विचारू नका. सोपा चेंडू पायाखालून गेला, सेंटर मारायला गेलो तर चेंडू सरळ लोकांत. लोकांनी हुर्यो उडवली, कुणी म्हणालं, घोड्याला नाल ठोकलीय रे. मला तोंड लपवावंसं वाटत होतं. आणि दोरीपाशी माझा बाप हसत होता. वेड्यासारखा, तोंडभर. त्यानं चेंडूकडं एकदाही बघितलं नाही. तो फक्त माझ्या पायांकडं बघत होता. सामना संपल्यावर मला मिठी मारून म्हणाला, "आज जितलास लेका." त्यानंतर देशाच्या टीममधून माझं नाव गेलं, आणि पोलीस टीममध्येही मी बाकावर बसायला लागलो. छप्पन साली निजामाच्या जुन्या राज्याचे तुकडे झाले, ज्याचं गाव मराठवाड्यातलं तो मुंबई राज्यात. कुणी तरी अडवील, नरसिंग सोनकांबळे आम्हाला टीमसाठी हवाय म्हणेल, अशी मी वाट बघितली. कुणी अडवलं नाही. मी नांदेडला रुजू झालो. त्याच हिवाळ्यात आम्ही दीक्षा घेतली. बाप पांढरे कपडे आणि पायात माझे जुने खेळायचे बूट घालून आला होता. चालताना गट्टू टकटक वाजत होते. कुणी हसलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला, आणि माझ्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा सामना तोच, अशी खात्री मनात घेऊन गेला. मी त्याला खरं कधी सांगितलं नाही. नांदेडात फुटबॉल नव्हता. व्हॉलीबॉल होता. मी कवायत केली, लोह्याला आणि पुढं लातूरला बदली झाल्यावर मुरुडला, उदगीरला बंदोबस्त केले, मोर्चे अडवले, आणि ड्युटीवर असताना बूट काढले नाहीत.

नांदेडच्या स्टँडवर पंचशीला उभी होती. कडक इस्त्रीची पांढरी साडी, चेहरा मात्र आधीच सुकलेला. दवाखान्यात खाटेवर निजवून तिनं पट्टी सोडली, बघितलं, आणि तोंडातून हूं की चूं न काढता पुन्हा बांधली. सिस्टर माणसं घरच्यांपुढंही अशीच वागतात, मला ठाऊक आहे, आम्ही पोलीसही तसेच. सर्जन आले, पाय दाबून बघितला, सरळ सांगितलं. विष वर चढतंय. उद्या सकाळी गुडघ्याखालून पाय काढायचा. आणखी थांबलो तर मांडीतून काढावा लागेल, आणि त्याहून थांबलो तर काढूनही उपयोग नाही. मी म्हटलं, "न्हाई." ते म्हणाले, विचार करा. मी म्हटलं, विचार केला, न्हाई. ते गेल्यावर पंचफुलानं तोंडात पदर कोंबला. पंचशीला म्हणाली, "आबा, पाय महत्त्वाचा का जीव?" मी ओरडलो, अख्खा वॉर्ड बघायला लागला. "जीव कुठं असतोय गं? ह्या पायातच होता माझा! तुमी सगळे मला हवालदार म्हनून वळखता. मी हवालदार न्हाई. मी राइट आउट हाय. हा कापला तर मी कोन? लाकडाच्या टेकूवर उभा ऱ्हायलेला एक म्हातारा? त्यापेक्षा समदाच जाऊ द्या." पंचफुला म्हणाली, "आन् आमचं काय करायचं? आमी कशावर उभं ऱ्हायचं?" तिच्या आवाजात नेहमीचं करवादणं नव्हतं. ती भ्यालेली होती. तीस वर्षांच्या संसारात मी तिला भ्यालेली बघितली नव्हती, आणि त्यानं मी अर्धा गळालो. पण हट्ट सोडला नाही. माझी एक बारीकशी आशा होती, ती मी बोलून टाकली. म्हटलं, "डॉक्टर म्हनतो नसा मेल्या. समद्या मेल्या असं कशावरनं? खिळा कळला न्हाई, मान्य. पन आज एसटीत मला अंगठ्याला वारं लागलेलं कळलं. मला कळतंय अजून."

पंचशीला पायथ्याशी स्टूल ओढून बसली. म्हणाली, "बरं. पट्टीच्या बाहेर बोटं हायेत, टाच हाय. तुमी डोळे मिटा. मी कापूस लावते. कुठं लागला ते सांगायचं. एक जरी बरोबर आलं ना आबा, तर मी मोठ्या साहेबांच्या पाया पडते, थांबा म्हनते, औषधावर बघा म्हनते." मी म्हटलं, "शब्द?" ती म्हणाली, "शब्द." पंचफुला म्हणाली, नीट ध्यान देऊन सांगा हं, उगी घाई करू नका. मी डोळे मिटले. आतल्या आत सगळा जीव खाली उतरवला, कमरेतून मांडीत, मांडीतून पोटरीत, पोटरीतून खाली. वॉर्डातली खोकल्याची, भांड्यांची, नळावर भांडणाऱ्यांची सगळी गलबल दूर गेली. थोडा वेळ काहीच नाही. मग लागलं. अगदी हलकं, अंगठ्याच्या आतल्या कडेला, जिथं मी चेंडू घ्यायचो तिथंच. "अंगठा," मी म्हटलं. कुणी बोललं नाही. मला वाटलं, बरोबर आलं. माझी छाती भरून आली. मग करंगळीच्या बाजूला लागलं, तेही स्पष्ट. "करंगळी." मग टाच. मग पुन्हा अंगठा, आता जरा दाबून. "अंगठा! आता जोरात लावलास," मी हसून म्हटलं, "अगं, हळू." मला इतकं स्वच्छ कळत होतं, की कापसाचा धागा न् धागा सांगितला असता. मी म्हटलं, जा, बोलाव तुझ्या साहेबाला. पंचफुलाचा हुंदका ऐकू आला. तो आनंदाचा नव्हता. मी डोळे उघडले.

कापूस ट्रेमध्येच होता. पंचशीलानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. बोटांच्या मागून ती म्हणाली, "आबा, मी आजून सुरूच केलं न्हवतं."

मी तिच्याकडं बघितलं, कापसाकडं बघितलं, पायाकडं बघितलं. म्हटलं, "पन मला लागलं गं." ती मानेनं हो म्हणाली. "खरंच लागलं. खोटं न्हाई बोललो." ती म्हणाली, "ठाऊक हाय आबा." पंचफुला उठून माझ्या उशाशी आली आणि माझं डोकं तिनं पोटाशी धरलं, सगळ्या वॉर्डादेखत, जन्मात जे केलं नव्हतं ते. मग मीच विचारलं, "कुठून कापनार?" पंचशीला डोळे पुसून वाकली आणि माझ्या गुडघ्याच्या चार बोटं खाली तिनं हात आडवा ठेवला. "हितनं," ती म्हणाली. तिचा हात गार होता. तो मला कळला.